कानसेनचा कुत्रा

कपबश्यांच्या कारखान्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण भट्टीतून निघालेला कप समोर आला, की तो छोट्या लाकडी दांडीनं त्याच्या काठावर एक टिचकी मारायचा आणि कान सांगेल तसा कप डावीकडे नाहीतर उजवीकडे सरकवायचा. खणखणीत वाजला तर डावीकडे, तो चांगला माल. बद्द वाजला तर उजवीकडे, तो सेकंड. डोळ्यांना दिसणार नाही अशी केसाएवढी चीर त्याच्या कानाला सापडायची. एका कपाला एकच टिचकी, हा त्याचा नियम होता. "दुसरी टिचकी मारली की माणूस आपल्याला हवं तेच ऐकायला लागतो," असं तो सगळ्यांना बजावायचा. बायकोलाही आपण असंच एका टिचकीत पसंत केलं, हे तो आल्यागेल्याला सांगायचा. त्यावर ती आतून म्हणायची, "डावीकडे सरकवलं की उजवीकडे, तेही विचारा!"

त्यांच्या घरातला एकूण एक कप सेकंडचा होता. कुणाचा कान वाकडा, कुणाच्या बुडाला फोड. कामगारांना तसला माल फुकट न्यायची मुभा होती. कुत्राही त्याच रस्त्यानं घरी आला. सेकंडच्या शेडमध्ये पेंढ्याच्या ढिगात एक पिल्लू सापडलं, मागचा एक पाय जन्मापासून आत वळलेला. कानसेननं त्याला उचलून बघितलं, डोक्यावर हलकेच टिचकी मारली आणि म्हणाला, "हापण आपलाच माल." पिशवीत बश्यांच्या वर बसून ते घरी आलं. नाव पडलं सेकंड. बायकोनं आधी आदळआपट केली, आणि पंधरवड्याच्या आत स्वतःच्या जुन्या गोधडीचं पांघरूण त्याला शिवून दिलं. ती घरी मशीनवर कपडे दुरुस्तीची कामं करायची. मशीनच्या पायथ्याशी सेकंड झोपायचा, दार आणि स्वयंपाकघर दोन्ही दिसतील अशा कोपऱ्यात. तिथलं पोतं ही त्याची गादी. मुलगी लग्न होऊन लांब गेली, तेव्हापासून घरात लाड करायला तोच एक उरला होता.

आता मुद्द्याची गोष्ट. कानसेन बहिरा होत चालला होता, आणि हे जगात फक्त दोघांना ठाऊक होतं. एक त्याची बायको, दुसरा सेकंड.

तिला कळलं ते कारखान्यानं भेट दिलेल्या कपांमुळे. आयुष्यात पहिल्यांदा घरात चांगल्या मालाचा डबा आला होता. त्यानं मोठ्या ऐटीत एकेका कपाला टिचकी मारली. "खणखणीत... खणखणीत... हापण खणखणीत." त्यातला एक कप मडकं वाजावं तसा बद्द वाजला. तिच्या अडाणी कानालासुद्धा ते कळलं. तिनं चमकून त्याच्याकडे पाहिलं, तर तो पुढचा कप उचलत होता. दुसऱ्या दिवशी त्या कपात चहा ओतल्यावर तिच्या तळहातावर गरम थेंब पडले. तिनं तो कप पुसला आणि मिठाच्या बरणीमागे लपवून ठेवला.

मग एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. दाराची बेल वाजायची, सेकंड उठायचा, लंगडत जाऊन कानसेनच्या गुडघ्याला नाक लावायचा, आणि मग कानसेन म्हणायचा, "कुणीतरी आलंय गं." कुकरची शिट्टी झाली, की पुन्हा गुडघ्याला नाक. "कुकर झाला बघ." त्याला वाटायचं, आपल्यालाच ऐकू आलं. घरात समोरासमोर बोललेलं तो तोंडाकडे बघून ओळखायचा, तेही त्याच्या ध्यानात नव्हतं. कुत्र्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. दोनचारदा बेल वाजूनही माणूस हलला नाही हे त्यानं पाहिलं असेल आणि काम स्वतःच्या अंगावर घेतलं असेल. फोनचं तंत्र मात्र कानसेननं स्वतःच बसवलं होतं. फोन कानाला लावायचा, थोडा वेळ थांबायचं, आणि "हो हो, बरं बरं" म्हणून ठेवून द्यायचा. कुणाचा होता विचारलं, की "सहजच केला होता" हे उत्तर ठरलेलं.

संसारात नवऱ्याला बहिरा म्हणणं काही अवघड नसतं. "ऐकू येत नाही का?" हे वाक्य घरोघरी दिवसातून दहादा होतं. तीही म्हणायची. पण खरं कळलं त्या दिवसापासून तिनं ते म्हणणं सोडून दिलं. फक्त एकदा, फार जपून, ती म्हणाली, "कानाच्या डॉक्टरकडे एकदा जाऊन यायचं का?" तो पोट धरून हसला. "माझा कान? अगं, आपल्या कारखान्यात माझ्या कानाची शपथ घेतात लोक." तिनं तोंडात मूग धरले. ते मूग गिळायला तिला पुढे फार जड गेले.

कारण वर्षभरात एका मोठ्या हॉटेलनं सगळा माल परत पाठवला. कप गळत होते, एका वेटरचा हात भाजला होता. नव्या साहेबानं कानसेनला बोलावून हिशेब हातात ठेवला. तो घरी आला आणि लाकडी दांडी टेबलावर आपटून म्हणाला, "ट्रकमध्ये आदळून तडे गेले, आणि नाव माझं! पहिल्या दिवसापासून मी खुपत होतो त्याच्या डोळ्यांत." ती "हो ना" म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? कप कुणाच्या कानाखालून गेले हे तिला माहीत होतं. तिनं वेळेवर सांगितलं असतं तर कुणाचा हात भाजला नसता, हेही माहीत होतं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही आणि तिनं त्याचं खापर पोटदुखीवर फोडलं.

मग सुरू झाली काटकसर. ती दांडी हातात घेऊन कानसेन घरभर हिंडला. टीव्हीच्या केबलला टिचकी, पेपरला टिचकी, दोन फोनांतल्या एकाला टिचकी, सगळं उजवीकडे. बाथरूममधला दिवा काढला, कारण अंग काही अंधारात हरवत नाही. गरम पाणी बंद झालं. चहात पत्ती इतकी कमी झाली, की कपाच्या बुडावरचा कारखान्याचा शिक्का वाचता यायचा. तिनं एकदा म्हणून पाहिलं, "अहो, चिंधीसुद्धा पिळायची तेवढीच पिळतात." पण नोकरी गेलेल्या माणसाला घरात एक तरी खातं लागतं, ज्याचा तो साहेब असतो. तिनं ते त्याला घेऊ दिलं.

शेवटी तो सेकंडच्या पोत्यापाशी येऊन उभा राहिला.

सेकंड आता म्हातारा झाला होता. त्याचं पिशवीतलं खाणं यायचं, सांध्यांच्या गोळ्या यायच्या, थंडी पडली की डॉक्टरचं इंजेक्शन. आधी खाणं बंद झालं. सेकंड भात आणि पाव खायला लागला, तक्रार न करता. मग गोळ्या एक दिवसाआड झाल्या. आणि एका सकाळी वाकड्या कानाच्या कपातून चहा पिताना कानसेन म्हणाला, "कारखान्याच्या मागच्या गेटच्या वॉचमनशी बोललोय. तो ठेवून घेतो म्हणाला. कँटीनचं उरलंसुरलं रोज मिळेल. जिथून आला तिथेच जाईल."

तिच्या हातातली सुई थांबली. "रात्रीबेरात्री घराला राखण आहे त्याची."

"आपल्या घरात चोर आला तर त्यालाच दया येईल. काहीतरी ठेवून जाईल बिचारा."

"गोळ्यांचं मी बघते. दोन झिपा जास्त बसवीन."

"तुझ्या झिपांवर गॅस चाललाय आपला," तो म्हणाला. आणि मग आवाज उतरवून, "मला काय हौस आहे का? पोटच्या पोरासारखा वाढवलाय. पण इथे त्याला उपाशी बघण्यापेक्षा तिथे पोटभर खाईल. मी ठरवलंय. दुसरी टिचकी नाही."

एक उत्तर तिच्या जिभेवर होतं आणि ते अचूक होतं. अहो, तो कुत्रा नाही, तुमचा कान आहे. तो गेला तर तुम्हाला बेल कळणार नाही, शिट्टी कळणार नाही. पण हे एवढं सांगितलं, की पुढचंही सांगितल्यासारखंच होतं: साहेब खरा होता, हॉटेल खरं होतं, आणि आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर मान ताठ ठेवली ती गोष्टच संपलेली आहे. नोकरी गेल्यावर त्याच्याजवळ काय उरलं होतं? आपल्यावर अन्याय झाला, एवढाच एक दिलासा. तो कसा काढून घ्यायचा? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिनं कुत्र्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि नवरा निवडला. कुणीही तेच केलं असतं. तरी तिनं ते स्वतःला कधी माफ केलं नाही.

रविवारी तो सेकंडला घेऊन गेला. सेकंड खुशीत होता, फिरायला निघालोय असं समजून. परत येताना कानसेनच्या हातात नुसता पट्टा होता. तो पट्टा त्यानं खुंटीला अडकवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. ती पोतं उचलायला गेली, तेव्हा तो न वळता म्हणाला, "राहू दे ते."

त्यानंतर सेकंडचं काम तिच्याकडे आलं. बेल वाजली की तीच उठायची, शिट्टी झाली की मशीन सोडून धावायची, दूधवाल्याशी दारातून मोठ्यानं बोलायची म्हणजे आत त्याला चाहूल लागेल. घराबाहेर पडायचं ती टाळायला लागली. एकदा ती कपडे वाळत घालत असताना फोनचा दिवा लागलेला त्यानं पाहिला आणि फोन कानाला लावला. "हो हो... बरं बरं... असू दे," म्हणाला आणि ठेवला.

"कुणाचा होता?"

"कारखान्यातलं कुणीतरी. सहजच केला होता."

हात ओले होते, बादलीत कपडे होते. तिनं पुढे विचारलं नाही.

मग एक आशा दिसली. पॅकिंग खात्यातला त्याचा जुना सोबती आता एका क्रोकरीच्या दुकानात लागला होता. त्याचा फोन तिनंच घेतला. "वहिनी, आलेला माल तपासायला मालकाला भरवशाचा माणूस हवाय. दादांचं नाव सांगितलंय. उद्या दुपारी येऊन घेऊन जातो." कानसेनला सांगितल्यावर त्यानं स्वतःच्या हातानं शर्टाला इस्त्री केली, विजेचा विचार न करता. दांडी पुसून खिशात ठेवली. त्याला इतका आनंद झालेला तिनं कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. माल तपासायला म्हणजे टिचक्या मारायलाच. पण दुकान लहान आहे, डोळ्यांनीही भागेल, आणि उद्याचं उद्या बघू, असं तिनं मनाला समजावलं. बुडत्याला काडीचा आधार, आणि इथे तर काडी त्याच्या खिशातच होती.

दुसऱ्या दिवशी नेमकं एका गिऱ्हाइकाचे कपडे पोचवायचे होते. अर्ध्या तासात येते, असं त्याच्यासमोर उभं राहून, तोंड दिसेल असं सांगून ती निघाली. गिऱ्हाइकानं मापावरून कटकट केली, म्हणून तिनं तिथेच बसून एक बाही उसवून पुन्हा शिवली. ती दोरा तोडते तोच फोन वाजला.

"वहिनी, आहात कुठे तुम्ही? बेल वाजवून वाजवून बोट दुखायला लागलं. दादा घरी नाहीत का? मालक खोळंबलाय, त्यानं दुसऱ्याला बोलावलं आता. मला तरी सांगायचं होतं येणार नाही म्हणून."

ती धावत घरी आली. ओळीतल्या त्या खोल्यांना दाराशेजारीच खिडक्या होत्या. पडद्याच्या कडेनं तिनं आत पाहिलं. कानसेन खुर्चीवर ताठ बसला होता, इस्त्रीच्या शर्टात, केस विंचरून. पण त्याचं तोंड दाराकडे नव्हतं. तो कोपऱ्यातल्या रिकाम्या पोत्याकडे एकटक बघत बसला होता. बेल वाजली की काहीतरी हलतं ते तिथेच, एवढं त्याच्या डोळ्यांना पाठ होतं. का, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. तिनं बेलचं बटण दाबून पाहिलं. तो पोत्याकडेच बघत राहिला.

ती किल्लीनं दार उघडून आत गेली.

"नाही आला तो," कानसेन म्हणाला. "पडत्या काळात कुणी कुणाचं नसतं, हेच खरं."

त्या सोबत्यावर हा आळ राहू द्यावा, असं तिच्या मनात आलं. पण तो बिचारा ऊन डोक्यावर घेऊन आला होता. "आले होते," ती म्हणाली. "खूप वेळ बेल वाजवून गेले."

"बेल? छे. मी इथेच तर बसलोय. बिघडली असणार." तो उठला, दाराबाहेर गेला आणि त्यानं बटणावर अंगठा रोवला. कान दाराला लावला. "बघ. म्हटलं ना? मेली आहे." पुन्हा दाबलं, पुन्हा. घरात बेल किंचाळत होती. ती दोन्ही हात तोंडावर धरून उभी राहिली.

शेजारचं दार धाडकन उघडलं. शेजारीण कडेवर रडणारं मूल घेऊन बाहेर आली. "अहो काका, किती वेळ वाजवताय? मघाशीही कोण तो तासभर वाजवत होता. आत्ता कुठे झोपलं होतं हे!"

त्याला शब्द कळले नसतील. पण मूल रडताना दिसलं, शेजारणीचा बटणाकडे रोखलेला हात दिसला, बायकोचा चेहरा दिसला. त्यानं अंगठा काढला. मग एकदाच, हळूच, पुन्हा दाबला आणि शेजारणीच्या कपाळावर आठी पडताना पाहिली.

आत येऊन तो त्याच खुर्चीत बसला. मग म्हणाला, "कधीपासून?"

तिनं मिठाच्या बरणीमागचा कप काढून त्याच्यासमोर ठेवला. त्यानं खिशातली दांडी काढली आणि काठावर टिचकी मारली. थांबला. मग दुसरी टिचकी मारली. मग तिसरी. दांडी खाली ठेवून त्यानं विचारलं, "म्हणजे तो हॉटेलचा माल माझ्याच हातून गेला?" तिनं मान खाली घातली. तो रडला, मोठ्यानं रडला, आणि आपला आवाज केवढा होतोय हे त्याला कळत नव्हतं. तीही रडली. तिला वाटलं होतं तसं आभाळ कोसळलं नाही. कोसळलं असतं तर एका दृष्टीनं बरं, असं मात्र वाटलं, इतका तो त्या खुर्चीत लहान दिसत होता.

डोळे पुसल्यावर त्याचं लक्ष पोत्याकडे गेलं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटत गेलं. "अगं, तो माझ्या गुडघ्याला..." एवढंच तो म्हणाला आणि खुंटीवरचा पट्टा घेऊन दाराशी गेला. "चल. घेऊन येऊ त्याला. भात-पाव खाईल, पण इथे राहील."

मागच्या गेटापाशी वॉचमन स्टुलावर बसला होता. दोघांना पाहून तो उठला, पण नेहमीसारखा हसला नाही. कानसेनच्या हातातला पट्टा पाहून त्यानं नजर फिरवली आणि तिच्याशीच, खालच्या आवाजात बोलायला लागला.

"उशीर केलात, वहिनी. खायचाच नाही हो तो. दुपारचा भोंगा झाला, की पाय ओढत यायचा आणि माझ्या गुडघ्याला नाक लावायचा. मला वाटायचं, भूक लागली. ताटली पुढे ठेवली तर शिवायचा नाही. नुसता माझ्याकडे बघायचा, मी उठत का नाही म्हणून. संध्याकाळच्या भोंग्यालाही तेच. मग मोठ्या गेटाकडे जाऊन बसायचा, शेवटचा कामगार बाहेर पडेपर्यंत. परवा सकाळी पेंढ्यात निजलेला सापडला. तिथेच झाडाखाली पुरलं."

त्या नाक लावण्याचा अर्थ या माणसाला सांगून आता काय होणार होतं?

"पण मी कळवलं होतं, वहिनी," वॉचमन म्हणाला. त्याच्या बोलण्यात थोडा राग होता. "फोन केला होता दादांना. म्हटलं, कुत्रा झुरतोय, येऊन घेऊन जा, नाहीतर हातचा जाईल. तर म्हणाले, 'हो हो, बरं बरं, असू दे.' मी म्हटलं, काय काळजाचा माणूस आहे!"

कानसेन दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होता. मग त्यानं तिची बाही धरली आणि म्हणाला, "काय म्हणतोय तो? मला ऐकू आलं नाही." हे वाक्य त्यानं जन्मात पहिल्यांदा उच्चारलं होतं.

तिला ते ओरडून सांगावं लागलं. त्याच्या कानाशी तोंड नेऊन, आल्यागेल्या कामगारांसमोर. "सेकंड गेला हो. परवाच गेला."

त्यानं पट्टा हाताला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. पेंढ्याच्या शेडकडे पाहत राहिला. मग वॉचमनकडे वळून, दुखावलेल्या स्वरात, गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणाला, "एक फोन तरी करायचा होतात तुम्ही."

वॉचमननं बोलायला तोंड उघडलं. तिनं हात आडवा केला. इतके दिवस ती गप्प राहिली होती आणि त्या गप्प राहण्यानंच सेकंड गेला होता, हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं? तरी ती पुन्हा त्याच्या कानाशी गेली.

"केला होता म्हणतात," ती ओरडून म्हणाली. "लागला नाही."

ती मागे सरली, तरी तो तिच्या ओठांकडे बघत होता. मग वॉचमनच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग परत तिच्याकडे. तिला काही केल्या उमजेना, की याला किती ऐकू आलंय आणि किती कळलंय.

"हो हो," कानसेन म्हणाला. "बरं बरं."